घाट उतरला की ताट बदलतं

अजिंठ्याला निघालेला माणूस जेवणाचा विचार संभाजीनगरातच उरकून टाकतो. रात्री नान-खलिया, सकाळी लॉजवरचे पोहे, आणि पुढे शंभर किलोमीटरवर लेण्यांपाशी जे मिळेल ते. जे मिळेल ते म्हणजे बहुधा पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी. लेण्यांच्या पायथ्याशी ज्या फर्दापुरात बसून तो हे जेवतो, ते गाव सोयगाव तालुक्यातलं. तिथल्या घराघरात त्याच वेळी चुलीवर काय शिजत असतं याची त्याला कुणी कल्पनाच दिलेली नसते.

आधी भूगोल, कारण इथे जेवण भूगोलावर ठरतं. सोयगाव तालुका म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेली लांबट पट्टी, एका टोकाला सावळदबारा आणि दुसऱ्या टोकाला बनोटी. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, विभाग मराठवाडा. पण इथला बाजारहाट, सोयरिकी आणि दवाखाने यांचा ओढा पाचोरा, जामनेर, जळगावकडे, म्हणजे खानदेशाकडे. घाटाच्या वर सिल्लोड, फुलंब्रीकडे पिठलं, ठेचा, ज्वारी-बाजरीची भाकरी. घाट उतरलात की कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी. वर असाल तेव्हा वरचं मागा, खाली आलात की खालचं. घाटावर शेवभाजी मागणाऱ्याला आणि फर्दापुरात नान-खलिया शोधणाऱ्याला जे मिळतं, ते त्याच्या लायकीचंच असतं.

खायचं कसं, हे मात्र स्पेनकडून उसनं घ्यायला हरकत नाही. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं सान सेबास्तियान हे शहर खाण्यापिण्यासाठी जगभर नावाजलेलं आहे. तिथल्या जुन्या गावात लोक एकाच ठिकाणी बसून पोट भरत नाहीत. पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून काडी टोचलेला एक घास, सोबत लहानसा पेला, की उठून शेजारच्या दारात. या घासांना पिंचो म्हणतात. कुठल्या दारात कुठला पिंचो खायचा हे गावकऱ्यांना पाठ असतं. एकाच ठिकाणी बसून चार प्रकार मागवणारा माणूस परका म्हणून लगेच ओळखू येतो. आपल्याकडे दोन दारांमध्ये दहा-वीस किलोमीटरचं अंतर पडतं, एवढंच. एका ठिकाणी एकच पदार्थ, तोही तिथला, आणि पुढच्या मुक्कामासाठी पोटात जागा राखून. असं खाल्लंत तर संभाजीनगर ते पाचोरा हा रस्ता एका दिवसात चांगला चाखून होतो.

सुरुवात आदल्या संध्याकाळी शहरात करा. नान-खलियाबद्दल फार सांगायला नको. जुन्या शहरात, बुढीलेन आणि रोशन गेटच्या बाजूला, नानच्या भट्ट्यांचा वास तुम्हाला आपोआप नेईल. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लष्कराबरोबर हे जेवण इथे आलं असं सांगतात. खलियाचा रस्सा पातळ असतो आणि वर तर्री तरंगते. ही तर्री कमी-जास्त मागून घेता येते. नव्या माणसाने कमीच मागावी. शाकाहाऱ्यांनी गुलमंडीवर जाऊन उडदाच्या डाळीची इमरती खावी, गरम असतानाच. जेवणानंतर उस्मानपुऱ्यातलं तारा पान. शहराचं इतकंच पुरे, कारण शहरावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

सकाळी लवकर निघा. कुठल्या वारी निघता ते आधी बघा: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. न्याहारी शहरात पोटभर करू नका. साठ-पासष्ट किलोमीटरवर सिल्लोड येतं. सिल्लोड-भोकरदनचा हा पट्टा हिरव्या मिरचीचा. हंगामात संध्याकाळी शिवन्यासारख्या गावात मिरचीचे ढीग लागतात आणि ट्रक भरून परराज्यांत जातात. तेव्हा सिल्लोड-गोळेगाव भागात थांबलात की भजी मागवा आणि सोबतची तळलेली मिरची बाजूला सारू नका. इथे भजी निमित्ताला आहेत. ठेचा आणि भाकरी मिळत असेल तर त्याहून उत्तम. मक्याचं पीक या भागात अमाप, म्हणून पावसाळ्यात रस्त्याकडेला कणसं भाजणारे बसतात. कणीस निवडताना केस तपकिरी झालेलं पण दाण्यात नख रुतणारं घ्या. विकणारा बहुधा आधीच सोलून ठेवलेलं पुढे करतो. ते नको, समोर सोलायला सांगा.

अजिंठा गावात चहा घेऊन घाट उतरा. खाली फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबवतात आणि तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. वर पर्यटन महामंडळाचं उपाहारगृह आहे, तिथे चहा-पाण्याची सोय होते. पण तुमचं खरं काम बसमध्ये चढण्याआधीचं. फर्दापूरच्या एखाद्या ढाब्यावर थांबा आणि परतल्यावर काय जेवणार ते सांगून जा. चार माणसं, अमुक वाजता, भरीत आणि कळण्याची भाकरी, थोडे पैसे आगाऊ. एवढ्या दोन मिनिटांनी तुमचं दुपारचं ताट बदलतं. न सांगता आलेल्याला जेवणाच्या यादीतलं मिळतं, आणि ही यादी पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असते. इथल्या लोकांना स्वतः जे आवडतं ते यादीत बऱ्याचदा नसतंच. ते विचारावं लागतं. विचारायची रीतही साधी आहे. ‘खास काय आहे?’ असं विचारलंत तर पनीरची चार नावं ऐकू येतील. ‘दादा, आज तुम्ही काय जेवणार?’ असं विचारा.

लेणी बघताना पायऱ्या पुष्कळ, ऊन कडक, आणि जड पोटाने त्या चढवत नाहीत. म्हणून आधी लेणी, मग जेवण. पाण्याची बाटली पिशवीत, खाण्याचं काही हातात नको. माकडांची नजर तुमच्यापेक्षा तेज असते.

आता भरिताकडे. या तालुक्यात थंडीत येऊन भरीत न खाता परत जाणाऱ्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. भरिताचं वांगं इथे वेगळंच: मोठं, फिकट हिरवं, बिया कमी, गर मऊ. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात भरीत मिळतं, पण ते जांभळ्या वांग्याचं असतं. ते खाण्यापेक्षा दुसरं काही मागवा.

वांगी भाजायला गॅस चालत नाही. शेतात कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करतात आणि त्यात वांगी टाकतात. भर आगीत ती पटकन करपून निघतात, साल काळी होऊन सुटते आणि धुराचा वास आत शिरतो. मग साल काढून वांगी लाकडी बडगीत ठेचतात. त्याच बडगीत हिरवी मिरची आणि लसूण. फोडणीला तेल सढळ, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, आणि वरून कांद्याची हिरवी पात आणि कोथिंबीर. लाल तिखट नाही, टोमॅटो नाही. तुमच्या ताटात लालसर भरीत आलं आणि त्यात टोमॅटोच्या साली दिसल्या तर तो पंजाबी प्रकार आहे असं समजा. वाईट नसतो, पण त्यासाठी इतक्या लांब यायचं कारण नव्हतं. खऱ्या भरिताचा रंग पिवळट-हिरवा, वास धुराचा, आणि मिरची घासाच्या शेवटी लागणारी. मिरची किती ते आधी सांगा. ‘मध्यम’ म्हणालात तर इथलं मध्यम येईल, ते पुण्या-मुंबईच्या हिशेबात तिखटच.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद, साधारण चाराला एक या प्रमाणात, मीठ घालून एकत्र दळतात. भाकरी काळपट होते, जरा जाडसर, आणि तिला ज्वारीच्या भाकरीला नसलेला खमंगपणा असतो. गरम असतानाच खावी, गार झाली की चिवट होते. म्हणून एकदम चार भाकरी मागवू नका. एकेक सांगा, आणि करणाऱ्या ताईंना तशी कल्पना द्या. त्यांनाही गरम वाढायला आवडतं. वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली तर भरीत येईपर्यंत अर्धी भाकरी तशीच संपते.

हंगाम नसेल तर शेवभाजी. ही बारा महिने मिळते आणि खानदेशातल्या कुठल्याही ढाब्याची परीक्षा हिच्यावरच घ्यावी. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजून वाटलेलं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग, आणि त्यात जाड तिखट शेव. शेव शिजवायची नसते. रस्सा उकळत असताना अगदी शेवटी पडली पाहिजे, नाहीतर तिचा पिठलेला गोळा होतो. म्हणून शेव वेगळ्या वाटीत मागा आणि रस्सा समोर आला की स्वतःच्या हाताने टाका. कुणी हसणार नाही. जाणकार गिऱ्हाईक असं समजून रस्सा पुन्हा आणून देतील. एक प्लेट दोघांना पुरते. दुसरी प्लेट मागवण्याआधी अर्धा तास थांबावं, कारण हा रस्सा पोटात उशिरा बोलतो.

वरण-बट्टी मात्र हॉटेलात शोधू नका. कुठे पाटी दिसली तरी खरी चव पंगतीतच. गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ, थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे उकडायचे, कापायचे आणि तळायचे. राजस्थानची बाटी निखाऱ्यात भाजतात, इथली बट्टी तळून होते. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी हाताने कुस्करायची, वर तूप, मग वरण, आणि भाजी बाजूला नाही तर त्यातच. लग्न असो, सप्ताहाची सांगता असो की भंडारा, तालुक्यातल्या कुठल्याही गावात हेच जेवण. वाटेत एखाद्या देवळापाशी मांडव दिसला आणि कुणी ‘या, बसा जेवायला’ म्हणालं तर ते तोंडदेखलं नसतं. बसा. पायातलं बाहेर काढा, ओळीत बसा, वाढणाऱ्याला वेळीच हाताने थांबवा, कारण पत्रावळीत टाकलेलं इथे डोळ्यांत भरतं. पैसे कुणाच्या हातात देऊ नका. देवळात पेटी असते, त्यात टाका किंवा पावती फाडा.

मटण खाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळ जण खात नाहीत, श्रावणात तर नाहीच. त्या दिवशी ढाब्यावर मिळालं तरी ताजं असेलच असं नाही. रविवार आणि बुधवार बरे. दुसरी, प्लेट मागवण्यापेक्षा बनवून घ्या. बाजारातून स्वतः मटण आणून दिलं तर किलोमागे मजुरी घेऊन काळ्या मसाल्यात करून देणारे ढाबे या भागात आहेत. तास-दीड तास जातो. पण मटण कुठलं आणि किती, हे तुमच्या डोळ्यांदेखत ठरतं. चार-पाच जण असाल तर हाच मार्ग. ढाब्याच्या मागच्या बाजूला ‘बसायची’ सोय आहे असं कुणी कानात सांगेल. गाडी घाटातून न्यायची आहे हे लक्षात ठेवून नको म्हणा.

फर्दापूरहून पश्चिमेला पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर सोयगाव. इथे नाव घेऊन जावं असं बडं हॉटेल नाही, आणि ते नाही हेच बरं. तालुक्याचं गाव असल्याने तहसील, पंचायत समिती, बँका यांच्या कामाला खेड्यांतून माणसं येतात. त्यांच्यासाठी चालणाऱ्या टपऱ्या आणि खानावळी म्हणजे इथली खाद्यसंस्कृती. सकाळी पोहे आणि भजी, अकरानंतर मिसळ, दुपारी डाळ-भात-भाजी-पोळी. चहा गोड असतो, साखर कमी हवी तर उकळी येण्याआधीच सांगायला हवं. टपरी कशी निवडावी? जिथे सरकारी शिपाई आणि एसटीचे चालक-वाहक उभे असतील तिथला चहा घ्या. हे लोक रोज पितात आणि रोज पैसे मोजतात. आठवडी बाजाराच्या दिवशी आलात तर आणखी चांगलं: गरम जिलेबी, शेव-चिवडा, गुडदाणी आणि ओळखीच्या माणसांची गर्दी. बाजारातली शेव पाव किलो घेऊन ठेवा, रात्रीच्या रश्शाला उपयोगी पडते.

डोंगरावर जाणार असाल तर शिदोरी सोयगावातच बांधून घ्या. वेताळवाडीच्या किल्ल्यावर, रुद्रेश्वरच्या लेण्यांत किंवा जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यांपाशी खाण्याचं काही मिळेल या भरवशावर राहू नका. घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, अजिंठ्याचं सोळावं लेणं ज्याने करवलं तोच हा. पाहावं असंच ठिकाण, पण उपाशीपोटी नाही. शिदोरीला शेवभाजी कामाची नाही. पोळ्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि केळी. केळी इथे डझनावर घेताना साल हिरवी असली तरी चालेल, दुपारपर्यंत पिशवीत ऊबेने पिवळी पडतील असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर मात्र विश्वास ठेवू नका. आज खायची तर आज पिकलेलीच घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगरातली सीताफळं घेऊन बाया-पोरं रस्त्याकडेला बसतात. लहान असतात, बिया जास्त, पण गोडीला बागेतली मागे पडतात. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झालेलं फळ दोन दिवसांत पिकतं.

येताना गोळेगावहून उंडणगाव, हळद्यामार्गे वेताळवाडीचा घाट उतरलात तर फर्दापूर टाळून थेट सोयगावला येता. किल्ला घाटाला खेटूनच आहे आणि पावसाळ्यात या वाटेला तोड नाही. फक्त वाटेत जेवण नाही, हे ध्यानात धरा.

पिण्याबद्दल थोडंसं. उन्हाळ्यात या पट्ट्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो, तेव्हा खाण्यापेक्षा पिणंच महत्त्वाचं. रसवंतीचा उसाचा रस घ्या, पण बर्फाशिवाय; आलं-लिंबू जास्त घालायला सांगा. जेवणाबरोबर ताक मागा, गार सोडा-पेयं नकोत, कारण शेवभाजीची आग सोड्याने वाढते. बाटलीबंद पाणी सगळीकडे मिळतं.

वर्षातून एकदाच यायचं असेल तर अक्षय तृतीयेच्या सुमारास या. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघर खापरावर मांडे होतात. उपडं ठेवलेलं मातीचं खापर खालून तापतं आणि बाई हातावर फिरवत-फिरवत पुरणाची पोळी कोपरापर्यंत वाढवून त्यावर अलगद सोडते. तीस सेकंदांचं काम, शिकायला वर्षं लागतात. सोबत आमरस, रसोई म्हणजे तिखट सार, आणि तळलेल्या कुरडया. हे हॉटेलात मिळत नाही. ओळखीचं घर नसेल तर बचत गटाच्या बायका मागणीप्रमाणे करून देतात. दोन-तीन दिवस आधी सांगावं आणि भाव घासू नये.

परतीला घाट पुन्हा चढायचा नसेल तर शेंदुर्णीमार्गे पाचोऱ्याला जा, तिथे मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाड्या मिळतात. शेंदुर्णीत त्रिविक्रमाचं देऊळ आहे आणि कार्तिकात तिथे यात्रा भरते. यात्रेच्या दिवसांत खाण्याच्या दुकानांना तोटा नसतो. पूर्वी पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची ‘पीजे’ इथून जायची. तिच्या प्रत्येक स्थानकावर भजी-चहा व्हायचा. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली, तेव्हापासून एसटी किंवा काळी-पिवळी.

घरी न्यायला काय घ्यावं? केळीचे वेफर्स सगळेच घेतात. त्यापेक्षा ज्वारीची बिबडी घ्या, भाजून किंवा तळून दोन्ही प्रकारे चालतात. काळा मसाला घरगुती मिळाला तर पाव किलोच्या वर नको, वास उडतो. आणि कळण्याचं पीठ गिरणीतून ताजं दळून घ्या. उडदामुळे त्याला कीड लवकर लागते, तेव्हा घरी गेल्यावर डब्यात साठवून न ठेवता पंधरा दिवसांत संपवा. भाकरी थापताना पीठ कोमट पाण्यात भिजवा आणि जरा जास्त मळा, नाहीतर कडा फाटतात.